आईचा हात लागला की कॉम्प्युटर बंद

आमच्या घरात काहीही बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणी हात लावला होता?" प्रश्न बाबांचा, आणि तो विचारताना त्यांची नजर आईकडे. मिक्सरमधून धूर आला, इस्त्रीने फ्यूज उडवला, टीव्हीवर मुंग्या आल्या, सगळीकडे आईचाच हात. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात अधिकारी होते. दिवसभर तिथली यंत्रं त्यांचं ऐकायची, त्यामुळे घरातल्या यंत्रांनी आणि माणसांनीही तसंच ऐकावं अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

आईच्या हाताची ही कीर्ती बदलापुरात सुरू झाली. आम्ही तेव्हा तिथे भाड्याने राहत होतो आणि मी अजून शाळेतही जात नव्हते. बाबांनी स्कूटर घेतली आणि मोठ्या हौसेने आईला मैदानावर शिकवायला नेलं. आईने क्लच एकदम सोडला. स्कूटर उधळली ती थेट खडीच्या ढिगावर जाऊन आडवी झाली. आईचं कोपर फुटलं आणि स्कूटरचा आरसा फुटला. बाबांनी आधी आरसा पाहिला. मग म्हणाले, "अगं, तुझा हात यंत्राचा नाहीच."

हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळायचा. आईही हसायची. पण त्यानंतर तिने स्कूटरच्या हँडलला कधी हात लावला नाही. अंबरनाथ पूर्वेला आम्ही फ्लॅट घेतला, मी कॉलेजात गेले, आणि आई मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसत राहिली.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर आला. अभ्यासाला पाहिजे, असा धोशा मी लावला होता. अभ्यासाचं खरं-खोटं जाऊ द्या, तेव्हा सगळेच असं सांगायचे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या वर्कशॉपच्या गल्लीत एका सिंधी काकांचं दुकान होतं. ते निरनिराळे भाग जमवून कॉम्प्युटर जोडून द्यायचे. आमचाही त्यांनीच जोडला आणि न सांगता त्यात चार गेम टाकून दिले. "साहब, पढ़ाई तो चलती रहेगी," ते बाबांना म्हणाले, "घर में थोड़ी रौनक भी होनी चाहिए."

रौनक आली, पण माझ्यामुळे नाही. मला आठवड्याभरात त्या गेमचा कंटाळा आला. आई एका दुपारी टेबलावरची धूळ पुसायला म्हणून आली आणि मी खेळत असलेल्या मोटारींच्या शर्यतीसमोर फडकं हातात धरून उभीच राहिली. "हे उजवीकडे कसं वळवतेस?" तिने विचारलं. मी तिला बाणांची बटणं दाखवली आणि उठले. ती खुर्ची त्यानंतर मला दुपारची कधी मिळाली नाही.

त्या शर्यतीत आधी समुद्रकाठचा रस्ता होता, मग एक शहर, आणि सगळ्यात शेवटी घाट. आधीचा रस्ता जिंकल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. आई बसण्याआधी पदराला हात पुसायची, वळण आलं की स्वतःही खुर्चीत कलायची आणि पुढच्या गाडीवाल्याशी बोलायची. "सरक रे बाबा, सरक. नाहीतर राहा तिथेच." समुद्र तिने पार केला, शहर पार केलं, आणि घाटाला लागली. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि ती ओरडायची, "गॅस बंद कर गं, मी वळणावर आहे!" आपल्या आईला असं कधी पाहिलेलंच नसतं आपण. मला ती त्या दुपारी फार आवडायची.

दरम्यान दसरा आला. बाबांच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा दणक्यात व्हायची आणि घरीही तोच रिवाज. स्कूटर, शिलाई मशीन, बाबांची पान्ह्यांची पेटी, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल. त्या वर्षी मान कॉम्प्युटरचा. मी डब्याला बाहेरून कुंकू लावायला गेले तर बाबांनी थांबवलं. "पूजा यंत्राची करायची असते, वरच्या पत्र्याची नाही. आम्ही कारखान्यात गार्ड, म्हणजे वरचं झाकण, काढून पूजा करतो." त्यांनी स्क्रू काढले, झाकण उघडलं, आतल्या तारांच्या जंजाळाला मनोभावे नमस्कार केला आणि झाकण बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आपट्याची पानं वाटली आणि श्रीखंड-पुरी जेवलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर बंद पडायला लागला. आई घाटात अर्ध्यावर असायची आणि चित्र जागच्या जागी थिजायचं. कधी निळा पडदा येऊन इंग्रजीत काहीबाही शिव्या दिल्यासारखं लिहिलेलं असायचं. कधी पहिल्याच वळणावर, कधी शेवटच्या, कशाचा कशाला मेळ नाही. आई दोन्ही हात वर करायची, पोलिसांनी पकडल्यासारखे. "मी काही नाही केलं हं!"

बाबा आले की मात्र तोच कॉम्प्युटर सुतासारखा सरळ. बाबा कुठल्याही यंत्रासमोर बसले की आधी त्याला एक सणसणीत चापट मारायचे. टीव्हीला मारायचे, रेडिओला मारायचे. "यंत्राला कळलं पाहिजे, कोण बसलंय ते," असं त्यांचं तत्त्वज्ञान. चापट खाऊन कॉम्प्युटर तासभर निमूट पत्ते खेळायचा. मी बसले तर कधी चालायचा, कधी नाही, कारण मी कधी वैतागून मारायचे, कधी विसरायचे. आई कधीच मारायची नाही. तिला वस्तूंना मारणं पाप वाटायचं. "बघ," बाबा मला म्हणायचे, "माझ्याकडे चालतो की नाही? नाचता येईना अंगण वाकडं."

मला राग यायचा. आईला दोष देतात म्हणून बाबांचा, आणि ती तो दोष हसून घेते म्हणून तिचाही. शेवटी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधून काढायचंच, असं मी ठरवलं. कॉलेजातल्या हुशार मुलांना विचारलं. एकजण म्हणाला व्हायरस आहे, अँटीव्हायरस चालव. चालवला. आई घाटात, चित्र थिजलं. दुसरा म्हणाला मेमरीची पट्टी काढून खोडरबरने घास. घासली. पुन्हा थिजलं. तिसरा म्हणाला गेमची सीडीच चोरटी असणार. गेम काढून त्याच्याकडच्या सीडीवरून परत टाकला, आणि आईची सगळी प्रगती पुसली गेली. बिचारी समुद्रकाठापासून पुन्हा सुरू झाली, हूं की चूं न करता. घाटापर्यंत परत पोचली, आणि परत थिजलं.

मग तो डबा मांडीवर घेऊन मी आणि बाबा शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेलो. त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी झाली. दुकानदारकाकांनी डबा उघडला, फुंकर मारली, तारा दाबून पाहिल्या आणि तीच शर्यत लावून आपल्या नोकराला बसवलं. आम्ही चहा प्यायलो, शेजारच्या वर्कशॉपमधल्या मशिनांची घरघर ऐकली. कॉम्प्युटर तासन्‌तास चालला असता. "मक्खन चल रहा है, साहब," काका म्हणाले. "मेरा माल ठीक है. घर में ही कुछ होगा."

घरात काय आहे हे बाबांना ठाऊकच होतं. परत येताच त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि निकाल दिला. "तू आता याला हात लावू नकोस. नाजूक वस्तू आहे, एक दिवस कायमची जाईल."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी समजुतीने म्हणाले, आणि आईनेही समजुतीने मान हलवली. "खरंच नको बाई. माझा हातच तसला." त्या दिवसापासून ती दुपारी शिलाई मशीनवर जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायला लागली. घरात पिशव्याच पिशव्या झाल्या. कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा ती माझ्याकडून पुसून घ्यायची. एकदा मी खेळत असताना ती मागे येऊन उभी राहिली, घाटाचं पहिलं वळण होईपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ब्रेक उशिरा मारतेस." मग पुन्हा पिशवी शिवायला गेली. एका खडीच्या ढिगाने तिच्याकडून स्कूटर नेली होती, आता हेही जाणार होतं, आणि या वेळी मला ते चालणार नव्हतं.

मी बाबांकडे एक रविवार मागितला. दुपारी आईनेच खेळायचं, डब्याचं झाकण उघडं ठेवून, आणि मी शेजारी बसून आत पाहणार. इतके दिवस आम्ही डबा उघडायचो तो बंद करून. तापलेल्या माणसाला ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेल्यासारखं. एकच अट, कुणीही त्याला मारायचं नाही. "आणि तेव्हाही बंद पडला आणि कारण नाही सापडलं तर?" बाबांनी विचारलं. तर आईचा हात, मी म्हटलं. मग मीही तेच म्हणेन.

आई तयार होईना. तिला खुर्चीत बसवायलाच मला अर्धा तास मनधरणी करावी लागली. बाबा सोफ्यावर पेपर धरून बसले, पण पान काही उलटत नव्हते. आईने पदराला हात पुसले आणि घाट सुरू झाला. पहिलं वळण, मग बोगदा, मग दरीच्या कडेचा तो अरुंद रस्ता. ती इतक्या दिवसांनी बसूनही काय सुंदर चालवत होती! आणि चित्र थिजलं. आईचे हात वर. "सांगितलं होतं मी," ती पुटपुटली. तिचा चेहरा बघवेना.

मी आत पाहत होते. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर काडेपेटीएवढा एक पंखा असतो. तो पंखा बंद होता. बाकी सगळं चालू, आणि तो जागच्या जागी थरथरत होता, कुणी पाय धरून ठेवल्यासारखा. मी बटण बंद केलं, आईच्या अंबाड्यातली आकड्याची पिन ओढून घेतली आणि पात्याखाली हळूच फिरवली. काहीतरी टणकन उडून टेबलावर पडलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लालभडक झालेला.

मी तो तळहातावर घेऊन बाबांच्या पेपरखाली धरला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. पंख्याखालच्या फटींत असे आणखी काही दाणे बसले होते. कधी एखादा वर उडून पात्यात अडकायचा आणि पंखा थांबायचा. चापट बसली किंवा रिक्षा खड्ड्यात गेली की दाणा पुन्हा खाली पडायचा. जो मारेल त्याच्याकडे चालणार, आणि जी जपेल तिच्याकडे बंद पडणार, असा तो कारभार होता.

"दुकानातूनच आले असतील," बाबा म्हणाले.

"कुंकू लावून?" आई म्हणाली.

आणि मग आई जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, लग्नच लावलंत की त्याचं! झाकण उघडून अक्षता टाकल्यात!" बाबांनी आधी कारखान्यात गार्ड काढूनच करतात, असं एकदा म्हणून पाहिलं. मग त्यांच्याही मिशा हलायला लागल्या. "हात माझाच म्हणायचा," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मी चिमट्याने सगळे दाणे वेचले, पंखा फुंकून साफ केला आणि आईला पुन्हा बसवलं. बाबा सोफ्यावरून उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बोगदा गेला, दरी गेली, जिथे जिथे तिचं चित्र थिजलं होतं ती सगळी वळणं गेली. शेवटच्या उतारावर तिने दोन गाड्या मागे टाकल्या आणि पडद्यावर झेंडा फडकला. मी टाळ्या वाजवल्या. आई काही वेळ त्या झेंड्याकडे पाहत बसली. मग उठली, दाराजवळच्या खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली आणि बाबांसमोर धरली.

"पालेगावच्या रस्त्याला कुणी नसतं," ती म्हणाली. "चला."

बाबा तिला मागे बसवून घेऊन गेले आणि मी सायकल हाणत त्यांच्या पाठोपाठ. तेव्हा तिकडे दोन्ही बाजूंना शेतंच होती. मोकळा रस्ता लागल्यावर बाबा उतरले. आईने पदर खोचला, पुढे बसली आणि हँडल धरलं. इतकी वर्षं मागून पाहत आली होती, सगळं पाठ होतं तिला. तिने किक मारली. स्कूटर नुसती खोकली. पुन्हा मारली, पुन्हा खोकली. बाबांचा हात सवयीने वर गेला, इंजिनाच्या पत्र्यावर एक ठेवून द्यायला.

"हात लावू नका," आई म्हणाली.

बाबांचा हात वरच राहिला. मग त्यांनी तो मुकाट्याने खाली घेतला, मागच्या सीटवर बसले आणि दोन्ही हात मागे नेऊन स्टेपनी घट्ट धरली. आईने तिसरी किक मारली, स्कूटर सुरू झाली, आणि तिने क्लच हळूहळू सोडला.