लाल फितीची खूण

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठायचे. महाडला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं कधी कुणी मानलं नाही. आणि आज मीच लिहितेय...

माझा धाकटा भाऊ विनू मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होता. एका वेळी एकच धावपट्टी चालू, तरी सतत एखादं विमान चढतंय नाहीतर उतरतंय. जगातल्या गजबजलेल्या विमानतळांत त्याचं नाव घेतात, याचा विनूला कोण अभिमान! आमच्या वडिलांना, आबांना, ऐकू येत नाही. म्हणून विनूनं त्यांना विमान जागेवर आणायच्या खुणा शिकवलेल्या. तो गावी, वरंधला आला की आबा अंगणातून दोन्ही हात हलवत त्याला पायवाटेनं आत घेणार. उंबऱ्याशी आला की डोक्यावर हातांची फुली – थांब! मग पायांवर पाणी. मुंबईला परतला की मला फोन, "ताई, पोचलो." मग आबांच्या शेजारणीच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून आबांना अंगठा दाखवायचा, म्हणजे विनू पोचला, हे माझं काम.

गेल्या मार्चमध्ये, भर दुपारी चारला, विनू मुंबईतल्या खोलीवर बसल्या बसल्या गेला. हार्ट अटॅक. चौतीस वर्षांचा होता हो... मी गावात कुणालाच कळवलं नाही. आबांना समोर बसून सांगायचं म्हणून रिक्षा करून निघाले.

अंगणात बादली भरलेली. आबा पायरीवर, रुसल्यासारखे.

"विनू आलता गो, चारच्या सुमारास. मी हातांची फुली केली तरी थांबला नाय. पानी पन नाय घेतलं. लांबनंच लाल फीत वर धरून दाखवली नि गेला डोंगराकडं. बापाचं ऐकत नाय आता?"

 तिथंच बसून रडले, तेव्हा त्यांना कळलं.

पुण्यानुमोदनाला, विनूसाठी सगळे वंदनेला जमले तेव्हा, त्याचा एक सहकारी आला होता. त्याला त्या फितीबद्दल विचारलं. तो म्हणाला, विमान मागे ढकलून झालं की पुढच्या चाकाजवळची पिन काढतात. तिला लांब लाल फीत असते. ती वर धरून पायलटला दाखवायची – आता आमचा संबंध सुटला, तुम्ही निघा.

ही खूण विनूनं आबांना कधीच शिकवली नव्हती. मलाही ठाऊक नव्हती. आबांना भास झाला म्हणावं, तर त्या भासात फीत आली कुठून? 

आबा मात्र मूठ वर धरून मला एकच विचारत राहिले, "काय म्हनत व्हता गो तो?"

मी अंगठा दाखवला.