संगमेश्वरच्या गच्चीवरचा पत्रा

मजीद मुकादमबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. तो होता तोवर टाळलं, कारण तो वाचेल अशी भीती होती. तो गेल्यावरही काही आठवडे टाळलं, कारण आता तो वाचणार नाही, मग लिहून काय उपयोग, असं मनाला समजावता येत होतं. दोन्ही सबबी माझ्याच सोयीच्या. बातमी मला मासळी बाजारात कळली. हातात बांगड्यांची पिशवी होती. आमच्या टेलिफोन खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने स्कूटर थांबवली आणि म्हणाला, "साळवी, मुकादम गेला. सकाळची नमाज झाली, चहा मागितला नि बसल्या जागी मान टाकली." माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, नाहीतर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं, यानं मरणसुद्धा सोपं मिळवलं.

दुपारी राजिवड्याला गेलो तर त्याच्या दारातून खाडीपर्यंत माणसं उभी. बंदरावरचे तांडेल, बँकेतले, कॉलेजातले, आमच्या खात्यातले वायरमन, कधीकाळी त्यानं कुणाचा फोन दुरुस्त केला, कुणाच्या पोराला शिकवलं ते सगळे. मी मागे एका भिंतीला टेकून उभा होतो. जनाजा समोरून गेला तेव्हा सगळे रडत होते आणि मी विचार करत होतो, माझ्या वेळेला यातले किती येतील... सत्तरी गाठली तरी मत्सर म्हातारा होत नाही, हे त्या भिंतीला टेकून कळलं.

आम्ही दोघं एकाच तुकडीत खात्यात लागलो. मी देवरुखकडचा, भातशेतीवाल्या घरातला, घरातला पहिला पदविकाधारक. तो खाडीकाठचा, बाप जहाजावर, दोन भाऊ आखातात. प्रशिक्षणाला असताना मी रात्र रात्र पाठ करायचो आणि तो गादीवर पडून छताकडे बघत एखादी गोष्ट अशी सांगायचा की माझं पाठांतर तिथंच फुकट जायचं. मला तो आवडायचा, हे खोटं नाही. रविवारी आम्ही आरे-वारेला जायचो, तो गरी टाकून बसायचा, मी खडकावर भेळ खायचो. पण परत येताना मासे त्याच्याच पिशवीत असायचे, आणि त्यातले निम्मे तो माझ्या घरी द्यायचा. माझी बायको त्याच्यापुढे मासे निवडत म्हणायची, "मजीदभावजींचा हात चांगला." पुढे माझा मुलगा बारावीला आला. गणितात अडला की तो माझ्याकडे यायचा नाही, सायकल काढून राजिवड्याला जायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "बाबा, तुम्ही उत्तर सांगता. काका वाट सांगतात." पोरगं सहज बोललं. मी ते अजून विसरलेलो नाही.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना जिल्ह्यातलं जुनं जाळं काढून इथरनेट आलं. तालुक्यातालुक्यात राऊटर बसले. मी तेव्हा संगमेश्वरला होतो, मजीद रत्नागिरीच्या मुख्य केंद्रात. काही दिवसांत एक विचित्र तक्रार सुरू झाली. रत्नागिरीचा आवाज संगमेश्वरला स्वच्छ यायचा, पण संगमेश्वरचा आवाज रत्नागिरीला तुटत तुटत पोचायचा. वाचकांसाठी सोपं करून सांगतो. या जाळ्यात आवाज सलग जात नाही. त्याची छोटी छोटी पाकिटं होतात, आमच्या भाषेत फ्रेम. ती उशिरा पोचायला लागली की बोलणं तुटतं. उशीर मोजायची आमची रीत अशी की इथून एक फ्रेम पाठवायची, समोरच्या राऊटरने ती परत फिरवायची, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळाचे निम्मे करायचे. यात घड्याळ एकच लागतं, म्हणून काम सोपं. तसं मोजलं तर सगळं मर्यादेत होतं. साहेब म्हणाले, तक्रार करणाऱ्यांचे टेलिफोन खराब असतील.

मजीदला ते पटेना. आमच्या बैठकीत तो उठला. "साहेब, पहाटेची रिकामी एसटी रत्नागिरीहून संगमेश्वरला कशी जाते नि बाजाराच्या दिवशी भरलेली परत कशी येते, ते बघा. दोन्ही वेळ मिळवून निम्मे केलेत तर जो आकडा येईल, तेवढ्या वेळात एकही गाडी धावलेली नसेल." बैठकीत सगळे हसले, साहेबसुद्धा. त्याचं म्हणणं, जाण्याचा वेळ वेगळा मोजा, येण्याचा वेगळा. निघताना पाठवणाऱ्या राऊटरने फ्रेमवर आपल्या घड्याळाची वेळ लिहायची, पोचल्यावर दुसऱ्याने आपल्या घड्याळात बघायचं, आणि वजाबाकी करायची. वजाबाकी पोराला येईल. अडचण घड्याळांची. दोन गावची दोन घड्याळं सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी जुळली पाहिजेत, नाहीतर मोजता तो उशीर फ्रेमचा नसतो, घड्याळांचा असतो. त्यासाठी दोन्ही केंद्रांच्या गच्चीवर उपग्रहाकडून वेळ घेणाऱ्या अँटेना बसवायच्या. साहेबांनी परवानगी दिली. पद्धत चालली तर पूर्ण परिमंडळात लागू करू, मुकादम सगळ्यांना शिकवायला जातील, असंही म्हणाले. मी खाली मान घालून ऐकत होतो. शिकवायला... तिथंच माझं काहीतरी जळलं. शिकवायचं मला होतं. नोकरीभर मला तेवढंच हवं होतं, आणि हे कुणाला सांगण्याइतकाही मी कधी धीट नव्हतो.

आमच्या गच्चीवरची अँटेना म्हणजे उपड्या वाटीएवढी पांढरी वस्तू. तिला उघडं आभाळ लागतं, बाकी काही नाही. उपग्रह दिसला की खाली खोलीतल्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो, नाही दिसला तर पिवळा लुकलुकत राहतो. मजीद स्वतः येऊन ती बसवून गेला. मे संपत आला होता. आपल्याकडे त्या दिवसांत जो तो काही ना काही झाकत असतो. लाकडं झाकतात, पंप झाकतात, ओटीवर सरींना आडोसा म्हणून झडप लावतात. ज्या दिवशी दुपारी साहेबांसमोर प्रात्यक्षिक होतं, त्या सकाळी मी केंद्रात आलो तर दिवा पिवळा. गच्चीवर गेलो. आमच्या चौकीदाराने, बाबूने, अँटेनावर पत्र्याचा तुकडा पालथा घातला होता आणि तो उडू नये म्हणून वर जांभ्या दगडाचा चिरा ठेवला होता. मागून बाबू आला नि म्हणाला, "साहेब, पाऊस तोंडावर आला. एवढी महागाची वस्तू, म्हटलं भिजून कशाला जायला पायजे?" त्याच्या चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान होतं. मी म्हटलं, "बरं केलंस."

मला वाकून एक चिरा उचलायचा होता. मी वाकलो नाही. खाली आलो तर फोन वाजत होता. पलीकडे मजीद.

"सदा, दिवा हिरवा ना रे?"

"हो," मी म्हटलं.

"घड्याळानं वेळ धरलीय ना नीट? मेल्या, तुझ्या भरवशावर आहे सगळं."

"हो रे बाबा."

मग जीपने रत्नागिरीला आलो, सगळ्यांबरोबर पहिल्या रांगेत बसलो. भिंतीवर आकडे उमटायला लागले. संगमेश्वरचं घड्याळ आभाळ न दिसल्यामुळे आपल्या मनाने चाललं होतं आणि मागे पडलं होतं. त्यामुळे रत्नागिरीहून सुटलेली प्रत्येक फ्रेम संगमेश्वरला उणे वेळात पोचत होती. म्हणजे निघण्याच्या आधीच पोचत होती. आधी कुणाला कळेना. मग साहेबांना कळलं. "मुकादम, तुमची फ्रेम निघायच्या आधी पोचते. हिला माझ्या जागी बसवा, मी घरी जातो." सगळी खोली हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "जेवून पण घेते का विचारा." मजीद पडद्याजवळ उभा होता. तो म्हणाला, "साहेब, मोजणी बरोबर आहे. घड्याळात काहीतरी आहे." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. मदत मागावी तसं पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायलो. हसलो की नाही ते आठवत नाही. हसलो असेन.

परत गेल्यावर पहिलं काम कुठलं केलं असेल तर तो पत्रा काढला. दिवा हिरवा झाला. तोवर प्रस्ताव बासनात गेला होता.

पुढच्या आठवड्यात मजीद संगमेश्वरला आला. सरळ गच्चीवर गेला. मी मागोमाग. अँटेना उघडी होती, पण तिच्या भोवती पांढऱ्या गच्चीवर पत्र्याच्या कडेचा गंज आणि चिऱ्याची तांबडी माती तशीच राहिलेली. तो उकिडवा बसला. त्या मातीवरून त्याने बोट फिरवलं, बोट बघितलं. खाली येऊन नळावर हात धुतले, चहा घेतला, बाबूच्या पोरीच्या लग्नाची चौकशी केली. निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "सदा, किती वाजले तुझ्याकडे?" मी सांगितलं. त्याने आपलं मनगटी घड्याळ काढलं, काटे फिरवले, माझ्याशी जुळवलं आणि गेला.

वर्षभराने साहेब बदलले. मी तीच अँटेना, तेच राऊटर घेतले आणि मजीदच्याच पद्धतीने मोजणी केली. रत्नागिरीहून जाताना फ्रेम महामार्गाच्या सरळ तारेने जात होती आणि संगमेश्वरहून येताना, कुणाच्या तरी चुकीच्या मांडणीमुळे, घाट चढून कोल्हापूरकडून गर्दीतून वळसा घालून येत होती. मजीद म्हणाला होता तसंच. वाट दुरुस्त केली, आवाज तुटायचा थांबला. अहवालावर नाव माझं. नवे साहेब त्याला "साळवी पद्धत" म्हणायला लागले, आणि मी एकदाही त्यांना अडवलं नाही. परिमंडळभर मी शिकवत फिरलो. एसटीचं उदाहरण मीच द्यायचो. लोक हसायचे तेव्हा मला त्याच्यासारखं वाटायचं, थोडा वेळ. आज इथे लिहून ठेवतो: ती पद्धत माझी नाही. ती मजीद मुकादमची आहे. ज्यांनी ती माझ्याकडून शिकली, त्यांनी नाव दुरुस्त करून घ्यावं.

अहवाल मंजूर झाला तेव्हा त्याच्या घरून डबाभर सांदणं आली. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "बरं झालं, मोजलंस. कुणीतरी मोजायला हवं होतं." त्यात टोमणा होता का, हे मी तेव्हापासून शोधतो आहे. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं, भांडणात कबूल करून टाकता आलं असतं. पण तो आधीसारखाच येत राहिला. फक्त एक नवी सवय लागली. निघताना न चुकता विचारायचा, "किती वाजले तुझ्याकडे?" आणि घड्याळ जुळवायचा. आमच्याकडे मोबाइल आले तरी. निवृत्तीनंतर आम्ही एकाच गावात, त्याच्या खिशातही माझ्यासारखाच फोन, तरी विचारायचा. दर वेळेला मला वाटायचं, आता बोलतो. वाक्य तयार होतं. तो चप्पल घालायचा, फाटकाशी वळून हात करायचा, आणि वाक्य तसंच राहायचं.

गेल्या रविवारी मजीदच्या बायकोला, रुकय्याभाभींना, भेटायला गेलो. खोलीत आता पाहुणे नव्हते. त्याची आरामखुर्ची, टीपॉयवर चष्मा, खिडकीतून खाडी. भाभींनी चहा दिला. मी कशावर बोलावं न सुचून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते मागे पडलं होतं.

"बंद नाही, चालतंय," भाभी म्हणाल्या. "मागं पडतंय. ह्यांच्याशिवाय कुणाचा हात नव्हता त्याला. तुमच्याकडून आले ना, की आधी स्टूल घ्यायचे. मी म्हणायची, अहो, टीव्हीवर वेळ असते, मोबाइलमध्ये असते. तर म्हणायचे, नाय, सदाचं घड्याळ बरोबर असतं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "भाई, आता तुम्हीच लावून द्या."

मी स्टुलावर चढलो. गुडघे दुखतात, भाभींनी स्टूल धरलं. घड्याळ उतरवलं, मागची धूळ पुसली. मनगटावरच्या माझ्या घड्याळात वेळ बघितली. त्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मोबाइल काढून बघितली. ती जुळत होती. काटे फिरवले आणि घड्याळ परत खिळ्याला लावलं. तोंड भिंतीकडे होतं, मागे त्याची खुर्ची. एवढ्या वर्षांचं ते वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं, आणि भाभींनी खालून विचारलं, "लागलं का भाई?" मी म्हटलं, "हो."

वाक्य एवढंच होतं: मजीद, त्या सकाळी दिवा हिरवा नव्हता, वर पत्रा होता, मी तो पाहिला होता... मला माफ कर.