अकरा नंबरची बाटली घेऊन हैदराबादला

दौलताबादेहून माझ्या धाकट्या भावाचं, माधवचं, पार्सल परभणीला आलं ते असं: जाड काचेच्या सहा बाटल्या, बुचांवर लाख लावलेली; भोवती गव्हाचं भूस; हैदराबादच्या शेतकी प्रदर्शनातल्या वाइनच्या स्पर्धेच्या प्रवेशाचा उर्दू कागद; आणि एक चिठ्ठी. रेल्वेचं भाडं निजामी हाली नाण्यात एक रुपया बारा आणे, हमालाला दोन आणे.

चिठ्ठीत होतं: ‘आक्का, पाय मोडून पडलो आहे, तूच हैदराबादला ने. पहिल्या तिघांना सरकारी फळबागेत नोकरीला बोलावणार आहेत. नाही जमलं तर यंदाचं फळ उतरवून वेली उपटतो आणि ज्वारी पेरतो.’

माधव एका जहागिरीत द्राक्षबाग सांभाळत होता. पोलीस ॲक्शन झाली, पाठोपाठ जहागिरी गेल्या. बागेचा तुकडा त्याच्याकडे राहिला, पण त्याची वाइन घेणारी देवडी, जहागीरदारांचा वाडा, राहिली नाही. मी माळकरी घरातली. दारू हा शब्दसुद्धा आमच्याकडे हळू आवाजात बोलतात. पण भावाच्या हातचं बारा वर्षांचं काम त्या सहा बाटल्यांत होतं.

भगिनी मंडळाच्या हस्तलिखितासाठी हा प्रवास लिहून मागितला म्हणून लिहिते. ज्यांना हैदराबाद पाहायचं आहे त्यांना उपयोग होईल, आणि मला एक गोष्ट चारचौघींत सांगायची आहे.

घरात बाटल्या मावतील अशी मोठी ट्रंक एकच, महालक्ष्म्यांच्या लुगड्यांची. ती रिकामी केली, भूस घालून बाटल्या उभ्या ठेवल्या. देवाच्या ट्रंकेत दारू ठेवायची म्हणून मनाला लागलं. मग आरतीच्या कापराच्या वड्या फडक्यात बांधून बाटल्यांच्या मानांशी चार ठिकाणी खोचल्या. निघायला अजून आठवडा होता. तेवढे दिवस ट्रंक बंदच राहिली.

यांना शाळेच्या परीक्षा, म्हणून सोबतीला मामंजी आले. माझे सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, उर्दू अक्षर मोत्यासारखं. स्टेशनवर म्हणाले, “सूनबाई, गाडी येईपर्यंत ट्रंकेवर मी बसतो. आत काय आहे ते मात्र मला सांगू नकोस.”

रात्रीची गाडी टाळा, दिवसाची घ्या. बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते. पाण्याचा तांब्या आणि दशम्या बरोबर असू द्या, म्हणजे वाटेत काही विकत घ्यावं लागत नाही. मी ट्रंक माझ्याजवळच घेतली होती. नांदेडला चढलेल्या एका बाईनं तिच्यावर हात ठेवला.

“काय ओ बाई, आत खुळखुळतंय?”

“औषध आहे.”

“इतकं? पलटण आजारी पडली का काय?”

डबा हसला. मीही हसले, आणि पदरानं ट्रंकेची कडी झाकली.

काचीगुड्याला उतरलो. स्टेशनावर पाट्या नव्या रंगवल्या होत्या. उर्दूच्या शेजारी नागरी अक्षरं, रंग अजून ओला वाटावा अशी. टांगेवाल्यानं कोठी मोहल्ल्यापर्यंत बारा आणे सांगितले, मामंजींनी त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलून आठ केले. कोठीत मावशीकडे उतरलो. तिनं ट्रंक अंगणातच ठेवायला लावली आणि आम्हाला आंघोळीला पाठवलं. मावशी म्हणाली, “शहर शांत आहे गं आता. पण शेजारचं घर दीड वर्ष बंद आहे. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन करून प्रदर्शनाला गेलो. मामंजी फाटकाशी बाकावर बसले. आत कारकुनानं बाटल्या घेतल्या, नाव वहीत लिहून वही मिटली, आणि मला अकरा नंबरची चिठ्ठी दिली. बाटल्यांना मानेपर्यंत पांढरं कापड बांधून त्यावर तोच नंबर घातला. नियम वाचून दाखवला: निकाल लागेपर्यंत आपली बाटली कोणती हे जो सांगेल, त्याचा नंबर बाद.

तपासणी कशी करतात हे मी दोरीच्या या बाजूने उभं राहून पाहिलं. टेबलावर पांढरी चादर, मागे उघडी खिडकी. परीक्षक तिघं: शेतकी खात्याचे एक साहेब, कॉलेजात रसायन शिकवणारे एक गृहस्थ, आणि एक म्हातारे खानसामा. त्यांना सगळे रज्जब मियाँ म्हणत होते. ते आधी रिकाम्या ग्लासाचा वास घेत, मगच त्यात ओतू देत. मग ग्लास पांढऱ्या कागदापुढे तिरका धरून रंग बघायचा. ग्लास फिरवून नाक आत घालायचं. शेवटी घोटभर तोंडात घोळवून पितळी पिकदाणीत थुंकायचं, आणि कोरड्या रोटीचा तुकडा चावून जीभ स्वच्छ करायची. वीस गुण: रंगाला चार, वासाला सहा, चवीला दहा. तिघं एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्याकडे गौरीच्या नैवेद्याला असते तशी ती शांतता होती.

अकरा नंबर आला. रंग पाहून रसायनवाल्यांनी मान डोलावली. मग रज्जब मियाँनी ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

“साब, इसमें काफूर है.”

“काफूर? द्राक्षात?”

“बू तो वोइच है.”

नियमाप्रमाणे दुसरी बाटली उघडली. तिलाही तोच वास.

एक शब्द बोलले तर माधवचा नंबर बाद. न बोलले तर माझ्या कापराचा दोष त्याच्या द्राक्षांवर. मी दोरी धरून उभी राहिले, नामस्मरण सुरू केलं आणि ते मधेच तुटलं. तिघांनी गुण लिहिले.

दुपारी निकाल लागला. अकरा नंबर सातवा. वासाला शून्य, चवीला दहापैकी नऊ. चवीला इतके गुण दुसऱ्या कुणालाच नव्हते.

माणसं पांगल्यावर मी रज्जब मियाँसमोर गेले. ते पिकदाणी स्वतः धूत होते. मी सगळं सांगितलं, ट्रंक, लुगडी, वड्या. माझं हिंदुस्तानी मोडकं, पण त्यांना समजलं.

“तुम्हारे भगवान का काफूर?”

“हौ.”

“मैं भी पीता नईं अम्मा. चालीस बरस एक देवडी के सरकार के दस्तरखान पे पहचानता रहा, हलक के नीचे एक कतरा नईं उतारा.” पिकदाणी उपडी ठेवून म्हणाले, “अब देवडी बंद है. सरकार नाक तो लेके नईं गए, इसलिए इन लोगां बुला लेते.”

त्यांनी तिसरी बाटली मागवली. लाख खरवडली, गरम पाण्यात फडकं बुडवून मान आणि बूच पुसलं, बूच काढून काचेचा काठ आतून-बाहेरून पुन्हा पुसला, मग ओतलं. वास घेतला. ग्लास माझ्यापुढे धरला. मी पदर नाकाशी धरून उभी होते. तो बाजूला केला आणि वास घेतला. कापूर नव्हता. उन्हात तापलेल्या मनुकांसारखं काहीतरी होतं, आणि त्यामागे ओली माती.

“बू गले पे थी. अंदर माल साफ है.”

“मग गुण?”

“लिखा सो लिखा. उस वखत नाक ने जो बोली वोइच लिख्या.”

शेतकीच्या साहेबांनाही त्यांनी सांगितलं. साहेब वाईट वाटल्यासारखे उभे राहिले, पण वही उघडली नाही. मला तेच योग्य वाटलं. माझ्यासाठी वही उघडली असती तर दुसऱ्या कुणाचा नंबर खाली गेला असता.

“माझ्या भावाला एवढं लिहून द्याल?” मी विचारलं.

त्यांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. मी फाटकाशी गेले. मामंजींनी ऐकून घेतलं, काठी उचलली आणि आत आले. बाटल्यांच्या रांगेसमोर टेबलाशी बसून त्यांनी रज्जब मियाँ सांगतील तसं उर्दूत लिहिलं: रंग साफ, चव पक्की, बागवानाचा हात जाणता, वास भांड्याचा, मालाचा नाही. खाली सही झाली. उठताना मामंजी इतकंच म्हणाले, “चाळीस वर्षं दफ्तरात मी याहून चांगलं काही लिहिलं नाही.”

संध्याकाळी अफझलगंजला वेलदोडे घेतले, आबिड्सच्या पोस्टात माधवला कागद धाडण्यासाठी लिफाफा. वेलदोडे परभणीपेक्षा स्वस्त, पण निवडून घ्यावे लागतात. तिसऱ्या दिवशी परत.

घरी येऊन ट्रंक उन्हात ठेवली आहे. देवापुढे बसते तेव्हा मन स्थिर होत नाही. पाप घडलं असं वाटत नाही. पण मी देवाला जपलं आणि भावाच्या वाट्याचं नीट जपलं नाही, हे खरं आहे. नोकरीचं बोलावणं दुसऱ्यांना गेलं. ते मी परत आणू शकत नाही.

ही प्रत मंडळाला देण्याआधी माधवला धाडते आहे, रज्जब मियाँच्या कागदासह. माधव, दोष माझा होता, तुझ्या वेलींचा नव्हता. दहापैकी नऊ गुण ज्यांनी दिले ते तुला ओळखतही नव्हते. फळ उतरल्यावर काय करायचं ते तू ठरव, मी आग्रह धरणार नाही. पण कुदळ हातात घेण्याआधी हा कागद कुणाकडून तरी दोनदा वाचून घे, आणि वेली अजून उभ्या आहेत की नाहीत, तेवढं उलट टपाली कळव.