भिशीच्या वहीतला गुडघा

रविवार, १ डिसेंबर २०२४. पिपरी मेघे. सकाळी चांगलीच थंडी. नळ पावणेसातला आला, सव्वासातला गेला. डाव्या डोळ्यात थेंब घातले. चार वाजता भिशी माझ्याकडे. वीसपैकी सतरा सभासद हजर, तिघींनी पैसे पाठवले. पोहे आणि चहा. या महिन्याचे पन्नास हजार चिठ्ठी न काढता श्रावणला दिले. कारण: गुडघ्याचं ऑपरेशन.

त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे, आणि शेवटची ओळ खोटी आहे. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टरनी आम्हाला डायरी लिहायला लावली तेव्हा एकच अट घातली होती: घडलं तेच लिहायचं. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आता चौऱ्याहत्तरची आहे. कितीतरी गोष्टी मी लिहायच्या टाळल्या असतील, पण न घडलेली गोष्ट लिहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

श्रावण माझ्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षांपासून भाड्याने राहतो. मूळचा कारंजा घाडग्याचा. वडील गोपालराव, थोडी शेती आणि हायवेवर पंक्चरचं दुकान. श्रावण बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहाटे पोलीस भरतीच्या मुलांबरोबर मैदानावर पळतो, दिवसा कॉलेज, संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम. भाडं पाच तारखेच्या आत देतो. मला सिलिंडर उचलू देत नाही. बोलतो कमी.

मे महिन्यात, कूलरसुद्धा गरम वारा फेकतो तेव्हाही, हा मुलगा बनियनवर टी-शर्ट आणि त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जिना उतरायचा. गच्चीच्या दोरीवर टॉवेलच्या आड दोन रुंद पट्ट्या वाळत असायच्या, मुरगळलेल्या पायाला बांधतात तशा. पळणारा मुलगा आहे, गुडघा दुखत असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही.

मार्च महिन्यात त्याने मला विचारलं, तुमच्या भिशीत मला घ्याल का. महिन्याला अडीच हजार. झेरॉक्सवाला त्याला सहा हजार देत होता. बायांच्या भिशीत मुलगा कशाला, असं झालंच. आमच्या किराणा दुकानवाल्या अनुसयाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा कोणता नवा मेंबर व कोकिळाबाई? पुढच्या भिशीले साडी नेसून येते का?" सगळ्या हसल्या. श्रावणही हसला. पण त्याचे कान लाल झाले आणि हात आपोआप छातीवर जाऊन शर्ट पुढे ओढू लागला. मी ते पाहिलं. मला अर्थ कळला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षा संपल्यावर, तो खाली आला आणि दाराशीच उभा राहिला.

"आजी, येत्या महिन्याची भिशी मले भेटन का? चिठ्ठी न काढता?"

आमच्याकडे तशी सोय आहे. लग्न, आजारपण, फी अशी अडचण असेल तर नंबर आधी घेता येतो. पण सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगावं लागतं, आणि ते वहीत लिहिलं जातं. एकीने आजारपण सांगून पैसे नेले आणि पाटल्या केल्या, त्यानंतर हा नियम झाला. नियम मीच लिहिला होता.

"मिळेल की. पण कारण काय?"

त्याने चपलेतून अंगठा काढला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "मले छाती हाय, आजी. बायांसारखी." आणि लगेच, जणू मी हसेन म्हणून, "लठ्ठपणा नाई तो. मी रोज पाच किलोमीटर पळतो. जात नाई ते. डॉक्टर म्हणते आतमंदी गाठच असते, कापूनच काढा लागते."

मी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. सातवीपासूनचं त्याने मला अर्ध्या तासात सांगितलं. वर्गातली मुलं मागून येऊन हात घालायची. तेव्हापासून तो कधी नदीवर गेला नाही, कबड्डी सोडली, बहिणीच्या लग्नात हळद लावून घेतली नाही. आणि आता भरती. भरतीत छाती मोजतात. शर्ट, बनियन काढून रांगेत उभं राहायचं, पुढे मागे पोरं, टेप घेऊन शिपाई. गेल्या वेळी तो मैदानाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला होता. घरी सांगितलं, पळण्यात दोन सेकंदांनी बाद झालो.

"अठ्ठावन हजार लागते. सरकारी योजनेत बसत नाई, हौसेचं ऑपरेशन धरते ते. आठ हजार हायेत माह्याजवळ."

"आणि भिशी नाही मिळाली तर?"

त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. विजेच्या खांबावर चिकटवतात तसला. पंधरा हजारात, टाके नाहीत, एका तासात घरी. खाली नाव नव्हतं, फक्त मोबाईल नंबर. "याले फोन केला व्हता. म्हणे लॉजवर या."



भिशीच्या दिवशी तो उभा राहिला. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. सोळा बाया त्याच्याकडे बघत होत्या. अनुसयाबाई म्हणाल्या, "बोल न बाप्पा. आमी का खाऊन राह्यलो तुले?" त्याचा हात पुन्हा शर्टाकडे जायला लागला. मी म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन आहे त्याचं."

त्या पट्ट्या डोळ्यांसमोर होत्या म्हणून गुडघा तोंडात आला. बायांनी चुकचुक केली. अनुसयाबाईंनीच पहिल्यांदा हात वर केला. "देऊन टाका व लेकराले. आन् तिळाचं तेल लावत जाजो रे, सुंठ टाकून." मी वहीत कारण लिहिलं आणि रात्री डायरीतही तेच उतरवलं.

दुसरं काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. अपेंडिक्स, मूळव्याध, दात. पण आमच्या जिल्ह्यात भरतीला पळणाऱ्या पोराचा गुडघा ही त्याची खाजगी गोष्ट नसते. गावात कुणाला विचाराल तर तो सांगेल, अमक्याचा पोरगा सोळाशे मीटर किती मिनिटांत काढतो. हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी गुडघाच सांगितला.

सात तारखेच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. शहरातलाच खाजगी दवाखाना. प्लास्टिक सर्जन दर शनिवारी नागपूरहून येतात. शांत माणूस. रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफी त्यांनी मलाही समजावून सांगितली. काही वाईट नाही, वयात येताना होतं, बहुतेकांचं आपोआप जातं, याचं राहिलं. पूर्ण भूल, दोन तास, रात्रभर मुक्काम, दोन्ही बाजूंना नळ्या, मग सहा आठवडे घट्ट जाकीट.

"धोका?" मी विचारलं.

"कमी. पण शून्य कुठल्याच ऑपरेशनला नसतो, आजी."

ऑपरेशन चौदा तारखेला ठरलं. फॉर्मवर श्रावणने सही केली. खाली नातेवाइकाची सही लागत होती. त्याने पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हणाले, चष्मा विसरले, पुढच्या शनिवारी करते. चष्मा पर्समध्ये होता.

अकरा वर्षांपूर्वी मी अशाच एका फॉर्मवर सही केली होती. हर्निया. माझ्या यजमानांनी दवाखान्यात दाखल होताना नर्सला सांगितलं होतं, बुधवारी बँकेत जायचंय, पेन्शनचा दाखला द्यायचाय. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून येताना दारात बसले ते उठले नाहीत. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. कुणाची चूक नव्हती. श्रावणला मी हे सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तो त्यांच्या फोटोसमोरून जातो, पण कशाने गेले ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तेरा तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास फाटक वाजलं. पांढरा शर्ट, बाह्यांवर ग्रीसचे डाग, हातात संत्र्यांची पिशवी. मी ओळखलं. श्रावणचेच कान.

"मावशी, मी श्रावणचा बाप." पिशवी त्यांनी पायरीवरच ठेवली. "माह्या पोराचा गुडघा काऊन कापून राह्यले?"

आमच्या भिशीतली वर्षाली कारंज्याची लेक. तिने फोनवर आईला सांगितलं. आई स्कुटीत हवा भरायला गोपालरावांच्या दुकानात गेली आणि म्हणाली, पोराचं ऑपरेशन आहे म्हणे, आणि तुम्ही इथं हवा भरता?

"दोन वर्स झाले, पोरगा पळून राह्यला. आता गुडघ्याले चाकू लागला का संपलं. मले कोणी सांगतलंबी नाई. बाप मेला का त्याचा?"

मी त्यांना आत बसवलं. खोटं माझं होतं, पण खरं सांगायचा अधिकार माझा नव्हता. जिन्यावर पावलं वाजली. श्रावण मधल्या दारात येऊन उभा राहिला, पांढराफटक.

"बाबा, गुडघा नाई."

"मंग का हाय?"

त्याने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. दुसरं बटण निघेना. मी उठले आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे पट्टीची क्लिप फरशीवर पडल्याचा आवाज आला. मी नळाकडे बघत होते. हा माणूस आता ओरडेल, हात उगारेल, किंवा हसेल. हसला तर मुलगा उद्या दवाखान्यात न जाता त्या लॉजवर जाईल, नाहीतर कुठेच जाणार नाही, असं मनात येत होतं.

"दुखते का?"

"नाई."

"मंग?"

"लाज वाट्टे."

मग गोपालराव म्हणाले, "मी तुले विहिरीत पोहाले चाल म्हनो. तू येत नव्हता."

"हो."

"मारलं व्हतं मी तुले. पोरीवानी भेतं म्हनून."

श्रावणने पडलेली क्लिप उचलली.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी दुकानात बसून दहा जनाले इचारलं असतं, याच्यावर औषध का म्हनून."

"इचारलं असतं," गोपालराव म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू आलं आणि अर्ध्यातच मोडलं. "घाल शर्ट. थंडी हाय."

मी वळले. ते माझ्याकडेच बघत होते. "मावशी, तुमी शिकलेल्या हा. याच्यात मानूस मरते का?"

नाही म्हणणं सोपं होतं. मुलगा उद्या सकाळी उपाशीपोटी जाणार होता, त्याच्यासमोर दुसरं काय बोलायचं? पण एकदा खोटं बोलून काय झालं ते समोर बसलं होतं.

"फार क्वचित," मी म्हणाले. "पण माझे मालक साध्याच ऑपरेशननंतर गेले. तिसऱ्या दिवशी." आणि सगळं सांगितलं. सही मी केली होती तेही. चष्म्याचंही.

श्रावण फोटोकडे बघायला लागला. गोपालरावांनी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते. मला वाटलं, संपलं. आता हा बाप मुलाला उठवून शेवटच्या एस.टी.ने गावी नेणार.

"रद्द कराचं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाई, बाबा."

"भेव नाई वाटत?"

"लय वाट्टे. पन त्या फाटकापासून वापस आलो, त्याच्यापक्षा कमीच."

"कोन्त्या फाटकापासून?"

तेव्हा श्रावणने त्यांना दोन सेकंदांची गोष्टही सांगितली. गोपालराव ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मावशी, सही मी करतो. तुमची नको."

शनिवारी साडेदहाला त्याला आत नेलं. हिरवा गाऊन घातलेला श्रावण एकदम लहान दिसत होता. गोपालरावांनी फॉर्मवर अक्षर अक्षर जुळवून सही केली आणि मग बाकावर बसून दर पाच मिनिटांनी मला वेळ विचारली, स्वतःच्या हातात घड्याळ असताना. दोन तास म्हणाले होते. साडेबारा झाले, एक झाला. आतून एक नर्स धावत आली आणि कपाटातून काहीतरी घेऊन गेली. गोपालराव उभे राहिले. "रक्त का व?" मी म्हणाले, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. पायाखालची फरशी मला ओळखीची वाटत होती. सगळ्या दवाखान्यांची फरशी सारखीच असते.

सव्वाला डॉक्टर आले. एका बाजूला थोडं जास्त रक्त गेलं, थांबवलं, वेळ लागला. आता ठीक आहे. गाठ तपासणीला पाठवली, नेहमीचंच. खोलीत आणलं तेव्हा त्याचे ओठ सुकलेले, अंगाला घट्ट पट्टा, दोन्हीकडून नळ्या आणि त्यांच्या टोकाला लाल पाण्याचे छोटे डबे. त्याला एकदा उलटी झाली. मग डोळे न उघडताच त्याने हात उचलला, छातीपर्यंत नेला आणि पट्ट्यावर नुसता ठेवला. गोपालरावांनी तो हात उचलून हळूच बाजूला केला. "हात नको लावू. ओला हाय."

मी नर्सला विचारलं, पाय कधी हलवायला लावणार. ती म्हणाली, आज संध्याकाळपासूनच, आजी. गोपालरावांनी ते ऐकलं आणि तेव्हाच पायथ्याशी बसून त्याची पावलं चोळायला घेतली. अजून रविवार आणि सोमवार जायचे आहेत. ते मीही म्हणाले नाही आणि त्यांनीही नाही.

रात्री तिथे ते राहिले. मला त्यांनी रिक्षात बसवून दिलं. भिशीच्या वहीत कारणाच्या रकान्यात अजून गुडघाच आहे. अनुसयाबाईंचा फोन आला, कसा आहे गुडघा? मी म्हणाले, ऑपरेशन झालं, तिसरा दिवस जाईपर्यंत काही सांगता येत नाही. डायरीत मात्र या वेळी सगळं घडलं तसं लिहिलं, नर्स धावली तेही. मग शेवटची ओळ लिहिली:

दुधवाल्याला उद्यापासून अर्ध्याऐवजी एक लिटर सांगितलं.