नंदाची चटई

"बच्चेदानी बनी ही नहीं है, बहनजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जन्म से ही."

औषधांची नावं लिहून घ्यायला मी पेन उघडून बसले होते. लिहिण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या स्टुलावर माझी मुलगी नंदा मान खाली घालून बसली होती. तिला अठरावं सरत आलं होतं. बाई काय सांगणार याचा अंदाज तिला होता. मला नव्हता.

ज्या आयांवर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगते.

एकाहत्तरच्या लढाईचा डिसेंबर होता. नंदाचे वडील फॅक्टरीत डबल शिफ्ट करत होते. क्वार्टरच्या खिडक्यांना आम्ही काळा कागद चिकटवला होता. त्याच दिवसांत नंदाच्या उजव्या कुशीत दुखू लागलं. थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. फॅक्टरीच्या दवाखान्याने शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे आय.व्ही.पी. करायचं ठरलं. म्हणजे शिरेतून औषध देऊन मूत्रपिंडांचे एक्स-रे काढतात. आदल्या दिवशी एरंडेल, सकाळी उपाशी. घरून जाड चादर न्या. थंडीत ते टेबल बर्फासारखं लागतं.

फोटोच्या आधी सिस्टरने नंदाला विचारलं, "महीना कब हुआ था?"

उत्तर मीच दिलं. "पिछले हफ्ते. एकदम रेग्युलर है." घरात कुठली गोष्ट कधी होते हे मला तोंडपाठ. नंदाने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

फोटोत एकच किडनी दिसली. डॉक्टर म्हणाले, एका किडनीवर माणूस आयुष्य काढतो, घाबरू नका. पण मूत्रपिंडं आणि गर्भाशय आईच्या पोटात साधारण एकाच सुमारास घडतात. एकात उणं असेल तर दुसरं बघून घ्यावं. त्यांनी आम्हाला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाईंनी पहिलं काम केलं ते मला बाहेर काढण्याचं.

"मी आई आहे तिची," मी म्हटलं.

"इसीलिए," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर एक बाई जवानांसाठी मोजे विणत होती. तिच्या सुया चालत होत्या आणि मी दाराकडे बघत होते. दार उघडलं तेव्हा नंदाचे डोळे लाल होते.

"इसको महीना कभी आया ही नहीं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असं कसं? दर महिन्याला बाजूला बसते ही!"

"बसत होते, आई," नंदा म्हणाली. "सगळ्या मैत्रिणींना आली होती. खापरे वहिनी रोज विचारायच्या, काहून वं, अजून नाही? एक दिवस म्हणून टाकलं की आली. तू लगेच साडी आणली, साखर वाटली. मग परत कसं सांगू?"

खापरे वहिनी आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या. आमच्या घरी तेव्हा पाळीचे चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तिला कुणी शिवत नसे, तिचे कपडे तीच धुवायची. तपासणार कोण? आजार झाकायला याहून चांगला पडदा कुणाला सापडला नसता.

याला प्रायमरी अमेनोरिया म्हणतात. म्हणजे पाळी मुळात सुरूच न होणं. पुढे भूल देऊन तपासणी झाली. तेव्हा खात्री पटली, आणि सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य ऐकायला आम्ही बाईंसमोर बसलो.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ओव्हरीज, म्हणजे स्त्रीबीजं तयार होतात त्या ग्रंथी, ठीक आहेत. म्हणून अंगाची वाढ बरोबर झाली. गर्भाशय नाही. खालचा मार्गही अपुरा आहे, लग्नाच्या वेळी त्यावर ऑपरेशन होऊ शकतं. मूल मात्र पोटात राहणार नाही.

"किसी की गलती नहीं है. और लड़केवालों से छुपाना मत."

नंदाने एकच विचारलं. "मैं लड़की तो हूँ ना?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, तिचा हात धरला. "पूरी," त्या म्हणाल्या.

माझी मुलगी हा प्रश्न तीन वर्षं एकटी जवळ बाळगून होती. मी त्या दिवशी रडले ते मूल होणार नाही म्हणून नव्हे, या प्रश्नासाठी.

ताप उतरला, आम्ही घरी आलो. लढाई संपली होती. कॉलनीत लोक पेढे वाटून राहिले होते. पुढच्या महिन्यात तिची ठरलेली तारीख आली आणि नंदाने ओसरीत चटई टाकली.

"आता काहून बसून राहिली, बेटा?" मी विचारलं.

"वहिनी मोजतात," ती म्हणाली. मग हळूच, "आणि आई, एवढं तरी माझं राहू दे."

मी आत गेले. पोळी केली, दोघींचं एकाच ताटात वाढलं आणि तिच्या चटईवर जाऊन बसले. तिच्या खांद्याला खांदा लावून.

खापरे वहिनी कुंपणापाशी आल्या. "अवं बाई, शिवली ना तिला! आता सैपाक कोण करन?"

"तुम्ही करा, वहिनी. भाजीत तिखट कमी टाका, पोरगी आजारातून उठली आहे."

नंदा हसली. मग माझ्या पदरात तोंड घालून खूप वेळ रडली. मी उठले नाही.

पुढच्या महिन्यापासून तिने बाजूला बसणं सोडलं. तिनेच सोडलं.

मुलगी सोळाची झाली आणि पाळी आली नाही, तर वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या. आणि तिथे तिला एकटीने बोलू द्या. आपण दाराबाहेर बसावं.

दोन स्थळं आली. दोन्हीकडे आम्ही आधी खरं सांगितलं, दोन्ही परत गेली. नंदा आता शाळेत शिकवते. तान्ह्या मुलाचं बारसं असलं की जाते, पण लवकर परत येते. तेव्हा मी चहा ठेवते.

त्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली, आभार मानायचे राहून गेले. ते इथे मानते.

ती चटई नंदाने फेकू दिली नाही. थंडीत ओसरीवर ती पसरून आम्ही दोघी उन्हात मटार सोलत बसतो. खापरे वहिनीही येऊन चटईच्या कडेला टेकतात.