राहिलेली दहा मिनिटं

डॉ. शेवंता कांबळे यांना बेळगावात फार थोडे लोक ‘मॅडम’ म्हणतात. आम्हा सगळ्यांच्या त्या आक्का. यंदा आक्का पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या हाताखाली एमआरआयचे यंत्र चालवणाऱ्या माणसानेही चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने ठरवले. मी उचगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. लिहिण्याची सवय नाही. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, म्हणून बसलो.

त्यांची माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. माझी प्रमाणपत्रे त्यांनी चाळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “बूट काढ आणि आत जाऊन झोप.” मला वाटले, माझे काहीतरी चुकले. मग कळले की आत म्हणजे यंत्रात. त्या अरुंद बोगद्यात, कानठळ्या बसवणाऱ्या ठोक्यांत, त्यांनी मला अर्धा तास झोपवले आणि पंचवीस वेळा श्वास धरायला लावला. बाहेर आलो तेव्हा सदरा घामाने भिजला होता. “भ्या वाटलं न्हवं?” त्यांनी विचारले. “वाटलं,” मी म्हणालो. “मग ये सोमवारपासनं. भ्या न वाटलेला माणूस मला इथं नको.”

आक्कांचा जन्म निपाणीचा. आई विड्या वळायची, आणि मांडीवरच्या सुपात ठेवण्याआधी प्रत्येक पान उजेडाला धरून बघायची. बाबासाहेबांवरच्या श्रद्धेने त्या माउलीने मुलीला शिकवले, डॉक्टर केले. एमआरआयचे यंत्र आक्कांच्या हाती आले ते पन्नाशीनंतर. त्या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब करतात. आक्का वही-पेन घेऊन पहिल्या बाकावर बसल्या. आजही चित्र पडद्यावर आले की त्या मान किंचित तिरकी करतात. उजेडाला पान धरायची ही सवय आईची, असे त्याच सांगतात.

त्यांचा खास विषय यकृत, म्हणजे लिव्हर. लिव्हरमधला निरोगी भाग कोणता आणि गाठ कोणती, आणि गाठ असली तर ती कर्करोगाची की निरुपद्रवी, हे चुंबकाच्या यंत्रावर ओळखायचे. शिरेतून एक औषध सोडतात आणि ते लिव्हरमध्ये कसे पसरते याची चित्रे ठरावीक वेळाने काढत जातात. लिव्हरमध्येच उपजलेली कर्करोगाची गाठ बहुतेकदा औषध झटकन घेते आणि तितक्याच झटकन सोडते. दुसरीकडून पसरत आलेली गाठ कडेने उजळते आणि मधे काळी दिसते. रक्तवाहिन्यांची एक साधी गाठ असते, तीही सुरुवातीला कडेनेच उजळते, पण मग आत आत भरत जाते. भरायला वेळ लागतो. ती वेळ थांबायचे, एवढेच आपल्या हातात असते.

शिवाय प्रत्येक चित्राला श्वास रोखावा लागतो, नाहीतर सगळे पुसट. यंत्रातला तयार आवाज परक्या भाषेत आणि परक्या घाईत बोलायचा. आक्कांनी तो बंद केला आणि स्वतःच्या आवाजात मराठी आणि कानडी सूचना भरल्या. आत नेण्याआधी पेशंटला बाकावर बसवून, पोटावर हात ठेवून त्या स्वतः श्वासाचा सराव घेत. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. माझ्या अंगात तेव्हा घाई फार होती.

आता ती राहिलेली गोष्ट.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आक्का आजारी आईपाशी निपाणीला गेल्या होत्या. त्या दिवशी जांबोटीकडच्या भागीरथीबाई गावडे लिव्हरमधल्या गाठीच्या तपासणीला आल्या. बाहेर रांग वाढली होती, लोक कुरकुरत होते. औषध दिल्यावरची पहिली चित्रे मी काढली आणि शेवटची, दहा मिनिटे थांबून काढायची, ती सोडून दिली. गाठ कडेने उजळ, मधे काळी दिसत होती. आक्कांच्या जागी बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी समोर होते त्यावरून लिहिले: कर्करोग पसरल्याची दाट शंका.

परत आल्या की गैरहजेरीतली लिव्हरची चित्रे नव्याने बघायची, ही आक्कांची शिस्त. भागीरथीबाईंची चित्रे बघताना त्या थांबल्या.

“परशा, शेवटची चित्रं कुठायत?”

“आक्का, बाहेर रांग लई लागलती...”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. “रांगेतली माणसं बसली असती रं,” एवढेच म्हणाल्या. फोन लावला, लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही दोघे जांबोटीला निघालो. पाऊस कोसळत होता. पुढे वस्तीपर्यंत चिखलातून तासभर चाल. साठीच्या आक्का पुढे, त्यांच्यावर छत्री धरून मी मागे.

घरात गडबड होती. बायका तांदूळ निवडत होत्या. भागीरथीबाईंची मुलगी रेणुका नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला हॉस्टेलवरून घरी आणले होते. आईच्या डोळ्यांदेखत लेकीच्या डोक्यावर अक्षता पडाव्यात म्हणून लग्न घाईने उरकायचे ठरले होते, आणि तारीख धरायला पाहुणे त्याच दुपारी येणार होते. रेणुका चुलीपाशी खाली मान घालून बसली होती. तिची वह्यांची पिशवी भिंतीला तशीच टांगलेली होती.

आक्का उंबऱ्याशी टेकल्या. “तपासणी अर्धी झालीया. परत यायला लागतंय.”

“परत कशाला हाल?” भागीरथीबाईंचे मालक म्हणाले. “आणि अर्धी ठेवली कुणी? चूक कुणाची?”

मी छत्री धरून मागेच उभा होतो. आक्कांनी मागे वळूनही पाहिले नाही. “माझी. खातं माझं हाय, चूक माझी.”

“मग बरं निघंल म्हणतासा?”

“तसं मी म्हणत न्हाय. वाईटबी निघंल. पण अर्धं बघून माणसाचा निकाल लावत न्हाईत.”

मग रेणुका उठली आणि आईची चप्पल दारात आणून ठेवली. पाहुण्यांना निरोप गेला.

रेणुका आईसोबत बेळगावात आली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी भागीरथीबाईंकडून बाकावर श्वासाचा सराव करून घेतला. आम्ही औषध दिले, चित्रे काढली, आणि थांबलो. ती दहा मिनिटे माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब. पडद्यावर गाठ कडेकडेने उजळत आत सरकली, आणि शेवटच्या चित्रात पुरती भरली. रक्तवाहिन्यांची साधी गाठ. मी खुर्चीतून उठलोच. “बस,” आक्का म्हणाल्या, “अजून एक काढ.” तेही तसेच आले, तेव्हा त्या बाहेर गेल्या.

“म्हंजे मी मरत न्हाय?” भागीरथीबाईंनी विचारले.

“मरशीला की,” आक्का म्हणाल्या, “पण ह्यानं न्हाय.”

रेणुका हसता हसता रडायला लागली. मी यंत्राच्या खोलीत जाऊन तोंड धुतले. त्यानंतर आक्कांनी या विषयावर मला एक शब्द विचारला नाही, कोणाला सांगितला नाही. बदलीवरच्या डॉक्टरांचेही नाव कधी घेतले नाही.

आक्कांचे सगळेच गोड आहे असे नाही. त्यांचा बिनसाखरेचा चहा शत्रूलाही मिळू नये. अहवालात ‘बहुधा’ लिहिणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना त्या रडवतात. कौतुक केले की उठून जातात. हा लेखही त्या वाचणार नाहीत अशी मला दाट शंका आहे. ‘बहुधा’ म्हणत नाही, तो शब्द त्यांना चालत नाही.

लिहिण्याआधी परवानगी मागायला गेलो. “लिही की,” त्या म्हणाल्या, “आपली चूक लिवायला दुसऱ्याची परवानगी लागती व्हय?”

रेणुका आता खानापुरात परिचारिका आहेत. लग्न त्यांनी शिक्षण संपवून, स्वतःच्या पसंतीने केले. आक्कांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाला त्या आईला घेऊन येणार आहेत, हा ग्रंथ त्यांच्या हाती पडेल. रेणुकाताई, एवढे आईंना वाचून दाखवा: त्या दिवशी तुमच्या दारात आक्का ‘चूक माझी’ म्हणाल्या, ते खरे नव्हते. त्यांच्या मागे छत्री धरून गप्प उभा होता त्याची ती चूक. तो मी.

आक्का, यंत्रातून तुमचा आवाज आजही दिवसभर लोकांना श्वास धरायला सांगतो. तुम्ही मात्र तो धरू नका. शंभर वर्षे घेत राहा, ठणठणीत तब्येतीने, सावकाश. आम्ही थांबतो. तेवढे तुम्ही आम्हाला शिकवले आहे.