मानेला मान

नाक दोन बोटांत हलकंसं दाबायचं, हनुवटी छातीला टेकवायची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी विहिरीत बादली सोडावी तसा आवाज खाली सोडायचा. झाला आर्नल्ड रेल्फ तयार. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या या खोऱ्यात ही नक्कल माझ्याइतकी कुणालाच जमत नाही. एकदा दुकानाबाहेर ती चालू असताना त्याची बायको मोरीन आतून ओरडली होती, "आर्नल्ड, दूध घेतलंस का?"

आर्नल्डचा धंदा डोंगरावरचे दगडी बांध रचायचा. पण ऑगस्टमधल्या जत्रेत, गवताच्या गाडीवर उभं राहून माईकवरून बोलायचं काम गेली एकतीस वर्षं त्याचंच. सगळं गाव त्याला नुसतं आर्नल्ड म्हणतं, सहा वर्षांची पोरंसुद्धा. आणि सगळ्या गावाला ठाऊक आहे की एकतीस वर्षांत कुणी हरतंय असं त्याच्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही.

केकची स्पर्धा घ्या. एक केक उशीसारखा फुगलेला, दुसरा छपराच्या कौलासारखा सपाट. आर्नल्ड माईकवर: "नेक अँड नेक, मंडळी! मानेला मान!" केकला मान कुठून आली, हे विचारायचं नाही. डोंगरावरच्या शर्यतीत एकदा पहिला आलेला गडी आंघोळ करून, चहा पिऊन, बिस्किटं खात बसला होता आणि दुसरा अजून वरच्या खडकांत ठिपक्याएवढा दिसत होता. आर्नल्ड म्हणाला, "टू क्लोज टू कॉल! काही म्हणजे काही सांगता येत नाही!" बिस्किटवाल्यालाच शंका आली. तो बूट घालायला लागला.

हा रोग जत्रेबाहेरही आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठला गुडघा जास्त दुखतो?" तर म्हणाला, "लेव्हल पेगिंग, डॉक्टर." हा शब्द आमच्याकडे पबमधल्या पत्त्यांच्या खेळातला, गुण मोजायच्या पाटीवर दोघांच्या खुंट्या शेजारी शेजारी आल्या की म्हणतात. डॉक्टरीणबाई लंडनच्या. त्यांनी कागदावर लिहिलं, 'पेशंट खुंट्यांबद्दल बोलतो.' आणि मोरीननं पुतणीच्या लग्नासाठी दोन टोप्या आणून "यातली कुठली बरी?" असं विचारलं, तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "नथिंग इन इट." त्याला म्हणायचं होतं, उन्नीस-बीस. मोरीनला वाटलं, टोपीत काही राम नाही. ती लग्नाला बोडक्यानं गेली आणि तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्याचं असं का होतं, हे मी सांगू शकते. खोऱ्यात दोनशे माणसं. बांधाच्या अलीकडचा शेतकरी आणि पलीकडचा, दोघांकडे याला काम करायचं असतं, दोघांच्या स्वयंपाकघरात चहा प्यायचा असतो. एकाची मेंढी जिंकली म्हटलं की दुसऱ्याकडचा चहा पातळ.

पण या वर्षी जत्रा समितीच्या अध्यक्ष झाल्या ब्रेंडा माउन्सी. चाळीस वर्षं इस्पितळात मुख्य नर्स होत्या. त्या बोलल्या की माणूस आपोआप जीभ बाहेर काढतो. जुलैच्या बैठकीत त्यांनी चष्म्यावरून आर्नल्डकडे पाहिलं.

"आर्नल्ड, गेल्या वर्षी माझ्या जॅमचा कितवा नंबर आला?"

"फार चुरशीची झाली हो ती, ब्रेंडा."

"नंबर विचारला मी."

"पारडं कधी इकडे, कधी तिकडे..."

"सातवा आला. सातांत सातवा. आणि तुझ्यामुळे मी आठ दिवस लोकांचं अभिनंदन स्वीकारत हिंडले!" त्यांनी वही मिटली. "या वर्षी प्रत्येक स्पर्धेला एक नाव सांगायचं. जिंकला कोण, हरला कोण. एकदा जरी मानेला मान लावलीस, तर पुढच्या वर्षीपासून माईक डॅरनकडे."

डॅरन हा त्यांचा भाचा, जवळच्या पेनरिथ गावात लग्नांत गाणी वाजवतो आणि जत्रेत लोकांच्या गाड्या लावून देतो. 'कसे आहात, दोस्तांनोऽऽ' असं ओरडल्याशिवाय त्याला श्वाससुद्धा घेता येत नाही.

आर्नल्ड घरी गेला आणि जेवला नाही. मोरीननं माझ्या आईला सांगितलं, "अगं, त्याला पोर नाही, चर्चला जात नाही, फुटबॉल बघत नाही. तो माईक गेला तर ऑगस्टमध्ये मी त्याचं करू काय?"

जत्रेच्या दिवशी सकाळी तो गाडीवर चढला तेव्हा दात उपटून घ्यायला आल्यासारखा दिसत होता. पहिली स्पर्धा सगळ्यात मोठ्या गूजबेरींची. त्यानं माईक तोंडाशी नेला. खाली नेला. परत वर आणला.

"जिंकला... टॉम. आणि इथेल, तू हरलीस. इथेल, मला माफ कर. फळं छानच होती. पण हरलीस."

इथेल ब्याऐंशी वर्षांची. ती खालून ओरडली, "अरे, ठाऊक आहे मला! वाटाण्याएवढी होती ती!"

दिवसभर असंच. केक, कोरीव काठ्या, मेंढे, पोरांची पोत्यातली शर्यत. आर्नल्ड नाव घ्यायचा आणि लगेच माफी मागायचा. एका मेंढ्याचीसुद्धा मागितली. दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला, पण ब्रेंडाबाईंच्या वहीत एकेक खूण होत गेली. उरली शेवटची, कुत्र्यांची शर्यत.

ही आमच्याकडची खरी शर्यत. बडीशेपेच्या वासाच्या तेलात भिजवलेली चिंध्यांची गाठ दोन माणसं डोंगरांवरून दहा मैल ओढत नेतात, आणि त्या वासावर कुत्रे सोडतात. अर्धा तास नुसती शांतता. मग शेवटच्या टेकाडावर पांढरे ठिपके दिसले की मालकांच्या अंगात येतं. जो तो खाण्यानं भरलेला कटोरा चमच्यानं बडवत आपल्या कुत्र्याला हाका घालतो.

ठिपके दिसले, दोनच. जोस टॉलसनचा फिडलर आणि मेरियन बर्केटची मिली.

"फिडऽऽलर! ये रं माझ्या सोन्या!" जोस टॉलसनची हाक म्हणजे गंजलेलं फाटक. तीही मी काढते.

"मिली, मिली, मिली, मिली! त्या म्हाताऱ्याकडे बघू नकोस, इकडे बघ, बाई!"

"म्हातारा कुणाला म्हणतेस गं?"

"कटोरा बडव, तोंड नको!"

जोसनं बडवला, आणि इतका की कटोऱ्यातलं अंडं, दूध न् कलेजी उडून थेट पंचांच्या चष्म्यावर. पंच म्हणजे गुरांचे निवृत्त डॉक्टर नोबल. शर्यत संपते त्या फितीपाशी ते उभे होते, चष्मा पुसत म्हणाले, "मला काही दिसत नाहीये!" आणि त्याच क्षणी दोन्ही कुत्रे फितीतून आरपार.

मग सगळ्यांच्या माना वर वळल्या. फितीच्या बरोबर वर, गवताच्या गाडीवर, आर्नल्ड उभा होता. नीट पाहिलेला माणूस तेवढा एकच.

"सांग, आर्नल्ड," ब्रेंडाबाई पेन्सिल सरसावून म्हणाल्या. "एक नाव."

आर्नल्डच्या तोंडाकडे मी टक लावून होते, नकलेची सवय म्हणून. ओठ 'नेक'च्या 'न'साठी उघडले आणि मिटले. मग 'लेव्हल'च्या 'ल'साठी. मिटले. सगळे शब्द त्यानं केकांवर आणि गुडघ्यांवर उधळून टाकले होते. आता खरोखर तशी शर्यत झाली, तर म्हणायला त्याच्याजवळ काही शिल्लक नव्हतं.

शेवटी तो माईक न वापरताच म्हणाला, "दोघांची नाकं फितीला एकदमच लागली."

सगळं मैदान हसलं. "घ्या! सकाळपासून दाबून ठेवलं होतं बिचाऱ्यानं!"

"आर्नल्ड," ब्रेंडाबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज जास्त वाईट, "काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं. आठवतंय मला." त्यानं माईक काढून गवतावर ठेवला. "द्या डॅरनला. पण एकदमच लागली."

तेवढ्यात जोस गाडीपाशी पोचला होता. "आंधळ्या! माझा फिडलर हातभर पुढे होता! वीस वर्षं चहा पाजला तुला!"

"हातभर? मिलीची शेपटी बघत आला तो!" मेरियन दुसऱ्या बाजूनं. "आर्नल्ड रेल्फ, माझा वरचा बांध पडलाय ना, तो पडू दे तसाच! तू पाय ठेवू नकोस!"

"माझ्याकडेही नको!"

आर्नल्ड पांढरा पडला. दोन्हीकडचा चहा एका झटक्यात बंद. असं त्याच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. तो एकदा जोसकडे, एकदा मेरियनकडे बघत राहिला. एक नाव घेतलं असतं तर निदान एक घर वाचलं असतं, आणि माईकही. त्यानं मान हलवली. "एकदमच," तो पुन्हा म्हणाला, अगदी बसक्या आवाजात.

ब्रेंडाबाईंनी पेन्सिल थांबवली. जोसकडे पाहिलं, मेरियनकडे पाहिलं, मग बराच वेळ आर्नल्डकडे, ताप मोजावा तसं.

"नोबल," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हा माणूस एकतीस वर्षं लोकांना खूश करायला खोटं बोलतोय. आत्ता इथं कुणी खूश दिसतंय तुम्हाला?"

"मला अजून नीट दिसतच नाहीये," डॉक्टर म्हणाले. "पण ऐकू येतंय. कुणी नाही."

"मग खरं आहे." त्यांनी वहीत दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिली. "उचल तो माईक आणि नीट जाहीर कर. आणि डॅरन!"

"काय, मावशी?"

"तू पुढच्या वर्षीही गाड्या लावायच्या शेतातच."

आर्नल्डनं माईक उचलला, दोन फुंकरा मारल्या, आणि सगळं मैदान त्याच्या नेहमीच्या शब्दाची वाट बघत असताना म्हणाला, "पहिले आले फिडलर आणि मिली. दोघंही." माफी मागितली नाही. मागून उपयोगही नव्हता, कारण खाली जोसनं बक्षिसाच्या कपाचा एक कान पकडला होता आणि मेरियननं दुसरा, आणि सोडायला कुणीच तयार नव्हतं.